मेकअप रूममधल्या बाईचं चित्र कसं बघायचं (नवख्यांसाठी, सावकाश)

इम्प्रेशनिस्ट चित्रं (म्हणजे साधारण दीडशे वर्षांपूर्वी पॅरिसमध्ये रोजचं जगणं आणि उजेड मोकळ्या फटकाऱ्यांनी रंगवणाऱ्या चित्रकारांची) म्हटली की आपल्याकडे तळ्यातली कमळं आठवतात, गवताच्या गंज्या आठवतात, नाहीतर कुणीतरी पटकन व्हॅन गॉगचं नाव घेतं (तो खरं तर नंतरचा, पण असू दे). मला मात्र या मंडळींची सगळ्यात जास्त आवडतात ती नाटकाच्या पाठीमागची चित्रं. आरसा, पावडरचा डबा, अर्धे लागलेले हुक, आणि मधे एक बाई, जी घरातून निघालीये पण अजून पात्र झालेली नाही. मी पाचसहा वर्षं पुण्यात हौशी नाटकांचा कपडेपट सांभाळलाय, म्हणजे इस्त्री, सेफ्टीपिना, तुटलेली बटणं आणि तिसऱ्या घंटेच्या तोंडावर "अगं माझा दुसरा झुमका कुठाय" याला उत्तर देणं, त्यामुळे ही चित्रं मी कलेच्या विद्यार्थिनीसारखी बघत नाही, कपडेपटवालीसारखी बघते, आणि ज्यांनी आजवर एकही चित्र पाच मिनिटांपेक्षा जास्त बघितलेलं नाही त्यांना ही पद्धत लवकर जमते असा माझा अनुभव आहे.

साहित्य म्हणाल तर एक लॅपटॉप (मोबाईल चालेल, पण मग झूम करून करून बोटं दुखतील), एक कोरा कागद, पेन्सिल, आणि एका चित्रासाठी निदान पंधरा मिनिटं. गाणी बंद.

चित्रं चार घ्या. एदगार देगाचं 'लेत्वाल', म्हणजे तारका, साधारण १८७६ चं, पॅरिसच्या ओर्से म्युझियममध्ये आहे. एदुआर मानेचं 'नाना', १८७७, हे हॅम्बुर्गला. बेर्त मोरिझोचं आरशासमोर केस सावरणाऱ्या बाईचं, १८७५ ते ८० च्या दरम्यानचं, शिकागोला. आणि तुलूझ-लोत्रेकचं विदूषक बाई शा-यू-काओचं, १८९५, हेही ओर्सेमध्ये. नावांवरून गोंधळ होतो तो आत्ताच मिटवून टाकू. माने वेगळा, मोने वेगळा, दोन्ही आपल्याकडची आडनावं वाटतात पण सातारा-पुण्याशी काही संबंध नाही, आणि नाना म्हणजे आपले नानासाहेब नव्हेत, ती बाई आहे. शिवाय चोख बोलायचं तर माने त्या लोकांच्या प्रदर्शनांत कधीच सामील झाला नाही, लोत्रेक पुढच्या पिढीचा, आणि देगाला स्वतःला इम्प्रेशनिस्ट हा शब्द आवडायचा नाही जरी १८७४ ते १८८६ मधल्या आठपैकी सात प्रदर्शनांत तो होता. म्हणजे चारातली अगदी पक्की इम्प्रेशनिस्ट एकटी मोरिझो. याने आपलं काही बिघडत नाही.

शोधताना एक खड्डा आहे, मी त्यात पडलेय. फ्रेंचमध्ये 'लोज' या एकाच शब्दाचे दोन अर्थ होतात, नटीची कपडे बदलायची खोली पण लोज आणि प्रेक्षागृहातला पैसेवाल्यांचा बॉक्स पण लोज. त्यामुळे तुम्ही 'लोज' टाकून शोधलंत की रेन्वारचं १८७४ चं बॉक्समध्ये बसलेलं नटलेलं जोडपं येतं, मेरी कसाटची दुर्बीण लावून नाटक बघणारी काळ्या कपड्यांतली बाई येते, आणि तुम्हाला वाटतं हीच ती मेकअप रूम. नाही. ती पडद्याच्या पुढची बाजू. आपल्याला मागची हवी.

आधी आपले पाय शोधा

चित्र उघडलं की लगेच बाईच्या चेहऱ्याकडे जाऊ नका. आधी विचारायचं, मी कुठे उभी आहे? दारात? तिच्या शेजारी? वर बॉक्समध्ये? आणि लगेच दुसरा प्रश्न, मला इथे सोडलं कुणी? माझ्या मते या सगळ्या चित्रांची किल्ली ह्या दोन प्रश्नांत आहे, बाकी रंग वगैरे सगळं नंतर.

देगाने मेकअप रूममधल्या नर्तकीची चित्रं केलीयेत, त्यातलं एक १८७९ च्या सुमाराचं सिनसिनाटीच्या म्युझियममध्ये आहे. ते उभट, अगदी अरुंद आहे, उंची रुंदीच्या दुपटीहून जास्त. असा आकार कशासाठी? कारण अर्धवट उघड्या दाराच्या फटीतून खोली दिसते ती एवढीच दिसते. जपानी छापचित्रं तेव्हा पॅरिसमध्ये खूप येत होती, त्यातले उभे चिंचोळे आकार आणि कडेला कापलेल्या आकृत्या या लोकांनी मनापासून उचलल्या, हे खरंच, पण मला आधी दार दिसतं.

आता दारात कोण उभं राहू शकायचं? पॅरिसच्या ऑपेरात, म्हणजे संगीतनाटकं आणि बॅले होणाऱ्या मोठ्या थिएटरात, सीझनचे पैसे आगाऊ भरणारे श्रीमंत पुरुष असायचे, त्यांना 'आबोने' म्हणत. त्यांना स्टेजच्या मागे जायची मुभा होती. नर्तकी जिथे अंग मोकळं करायच्या त्या हॉलमध्ये ते गप्पा मारत उभे राहायचे, आणि गप्पांवरच भागायचं असं नाही. मुली बहुतेक गरीब घरच्या, पगार तुटपुंजा, लहान शिकाऊ मुलींना तर 'छोटे उंदीर' म्हणायचे. देगाच्या त्या प्रसिद्ध चौदा वर्षांच्या नर्तकीच्या पुतळ्यासाठी जी उभी राहिली ती मारी व्हान गोथेम, धोबिणीची मुलगी.

गंमत म्हणजे देगाला स्वतःला सुरुवातीला मागे जायची अशी मोकळीक नव्हती. त्याने ओळखीतल्या एकाला पत्र लिहून नृत्यपरीक्षा बघायचा पास मागितला, आणि त्यातच कबूल केलं की न बघताच मी अशा परीक्षांची बरीच चित्रं करून बसलोय त्याची जरा लाज वाटते. जुनं ऑपेरा थिएटर १८७३ च्या ऑक्टोबरात जळालं, नवं १८७५ च्या जानेवारीत उघडलं, आणि हा बाबा जळालेल्या थिएटरची चित्रं आठवणीतून काढतच राहिला. म्हणजे इम्प्रेशनिस्ट म्हणजे समोर बसून भराभरा रंगवणं ही आपली समजूत इथे लागू नाही. मागे कागदांचा ढीग, मॉडेल स्टुडिओत बोलवायची, आणि एकच पोझ पुन्हा पुन्हा.

मोरिझोला तर तो पासही मागता आला नसता. चांगल्या घरची बाई, मानेच्या धाकट्या भावाशी लग्न झालेली म्हणजे माने तिचा मोठा दीर, तिने ऑपेराच्या मागच्या जिन्यात पाय ठेवणं शक्यच नव्हतं. तिने तोच विषय घरात आणला. तीच उघडी पाठ, तोच केसांकडे गेलेला हात, तोच पावडरचा डबा. पण दारात उभं राहून बघणं नाही, आपण तिच्या इतके जवळ आहोत की पुढच्या क्षणी ती मागे न वळता म्हणेल, जरा ती पिन दे गं.

मग काळा कोट शोधा

लेत्वालमध्ये सगळे त्या नर्तकीकडे बघतात, साहजिक आहे, ती पांढरी शुभ्र, एका पायावर, हात पसरलेले. आता डावीकडे वर, विंगमध्ये बघा. काळ्या सुटातला एक माणूस उभा आहे आणि त्याचं डोकं नेपथ्याच्या मागे गेलंय. चेहरा नाहीच. पाय फाकवून निवांत उभा. आसपास दुसऱ्या नर्तकींचे पाय आणि टुटूचे, म्हणजे त्यांच्या फुगीर जाळीदार झग्यांचे, तुकडे. एकदा तो दिसला की पुन्हा ते चित्र 'काय सुंदर बॅले' म्हणून बघताच येत नाही.

नानामध्ये तो उजव्या कडेला सोफ्यावर बसलाय, टॉप हॅट डोक्यात, आणि मानेने त्याला चौकटीवर सरळ अर्धा कापलाय. नाना मधोमध, निळा कॉर्सेट, पांढरा परकर, हातात पावडरचा पफ. मागच्या भिंतीवर जपानी धाटणीचा क्रौंच पक्षी आहे, आणि त्या पक्ष्याचं फ्रेंच नाव तेव्हा धंदेवाल्या बाईसाठी बोलीत वापरायचे, त्यामुळे पॅरिसवाल्यांना विनोद लगेच कळला. मॉडेल आँरिएत ओझेर नावाची नटी होती. सरकारी प्रदर्शनाने चित्र नाकारलं, तर मानेने ते एका दुकानाच्या काचेत लावलं, रस्त्यावर. दीड मीटरहून उंच चित्र आहे, म्हणजे काचेत जवळजवळ खरीच बाई उभी.

इथे एक प्रयोग करा. अंगठ्याने तो कोटवाला झाका. नुसती स्वतःच्या खोलीत पावडर लावणारी खट्याळ मुलगी राहते. अंगठा काढा. आता ती कामावर आहे. हा प्रयोग लेत्वालवर पण करा, मोबाईल असेल तर अंगठा अगदी मापाचा बसतो.

मला हे का इतकं खुपतं ते सांगते. एका गावी प्रयोग होता, तिसरी घंटा व्हायला पाच मिनिटं, आमची नायिका नऊवारीत, पदर अजून खांद्याला लागायचा होता, माझ्या तोंडात दोन पिना, आणि दार न वाजवता एक गृहस्थ आत. ज्यांनी कार्यक्रमाला पैसे दिले होते त्यांच्यापैकी कुणीतरी. "फक्त शुभेच्छा द्यायला आलो हं." ती वळली नाही. आरशातूनच त्यांच्याकडे बघितलं आणि अगदी गोड आवाजात म्हणाली, "काका, प्रयोग झाल्यावर भेटू ना, दार तेवढं ओढून घ्या." ते गेले. तिने एक शब्द काढला नाही, फक्त खांदा माझ्याकडे केला. पिन टोचली तिला, माझाच हात हलत होता.

आरशाशी भांडा

मेकअप रूममध्ये माणसं एकमेकांशी आरशातून बोलतात, ज्यांनी काम केलंय त्यांना हे माहितीये. म्हणून तिसरी पायरी, आरशात काय दिसतंय आणि काय दिसायला हवं होतं पण दिसत नाहीये, हे कागदावर लिहा.

लोत्रेकच्या चित्रात शा-यू-काओ आपल्या चोळीभोवती ती भलीमोठी पिवळी झालर बसवतेय. खांदा उघडा, डोक्यावर पांढरा विग, त्याला वर पिवळी रिबिन, मान खाली, सगळं लक्ष त्या झालरीत. ती मुलां रूझमध्ये, म्हणजे पॅरिसच्या एका नाचगाण्याच्या क्लबात, आणि सर्कशीत काम करायची, आणि तिचं नावसुद्धा एका धांगडधिंग्याच्या नाचाच्या नावावर कोटी करून केलेलं आहे. भिंतीवर आरसा आहे. आरशात कोण? एक म्हातारा, पांढऱ्या केसांचा, पार्टीच्या पोशाखात. म्हणजे तो खोलीत आहे, कुठेतरी आपल्याच बाजूला, फक्त चित्रात त्याला जागा दिली ती काचेत. मी हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला ते शुभेच्छावाले काका आठवले आणि एकटीच हसले. ती बाई मात्र त्याच्याकडे बघतही नाहीये, तिला झालर महत्त्वाची, आणि कपडेपटाच्या दृष्टीने हे शंभर टक्के बरोबर आहे.

मोरिझोचा आरसा याच्या बरोबर उलट. बाई आरशासमोर आहे, आपण तिच्या मागे आहोत, तर आरशात तिचा चेहरा दिसायला हवा की नाही? नाही दिसत. पफ, डबी आणि फूल यांचं धूसर प्रतिबिंब तेवढं आहे. मानेभोवती काळी बारीक रिबिन, बाकी सगळं जांभळट, गुलाबी, राखाडी, चंदेरी, भिंत कुठे संपते आणि झगा कुठे सुरू होतो तेही नीट कळत नाही. आणि आरशाच्या खालच्या कडेवर मोरिझोने काय केलंय? सही. चेहरा नाही दिला, त्या जागी स्वतःचं नाव दिलं. हे चित्र तिने १८८० च्या प्रदर्शनात ठेवलं होतं. चारातलं एकच निवडायचं झालं तर मी हे निवडेन.

उजेड कुठून येतोय

हे सोपं आहे पण लोक विसरतात. तेव्हाचा थिएटरचा उजेड गॅसचा, पॅरिसच्या ऑपेरात १८२२ पासून गॅस होता, आणि स्टेजवर पुढच्या कडेला फूटलाइट, म्हणजे उजेड खालून वर. लेत्वालमधल्या बाईची हनुवटी आणि गळा उजळलेला बघा, घरातल्या दिव्याने चेहरा असा कधी दिसत नाही. लहानपणी लाईट गेल्यावर हनुवटीखाली टॉर्च धरून भुताचा चेहरा करायचो ना, तसंच, फक्त टॉर्चच्या जागी ज्योतींची रांग.

आणि ती ज्योत खरी होती. १८६२ च्या नोव्हेंबरात एमा लिव्री नावाच्या नर्तकीचा झगा तालमीत गॅसच्या ज्योतीवर पेटला, आठ महिने झगडून ती गेली, वीस वर्षांची होती. कपडे आग न लागणाऱ्या द्रावणात बुडवायची सोय तेव्हा होती, पण त्याने झगा कडक आणि मळकट दिसायचा म्हणून तिने नको म्हटलं होतं. कपडे सांभाळलेल्या कुणालाही हे वाचून गप्प व्हायला होतं. कारण "हे नको, स्टेजवर घाण दिसतं" हे वाक्य आपण शंभर वेळा ऐकलेलं असतं आणि शंभर वेळा मान्य केलेलं असतं.

प्रॅक्टिकल भाग असा, चित्राचा स्क्रीनशॉट घेऊन ब्लॅक अँड व्हाइट करा. सगळ्यात पांढरा ठिपका कुठाय ते बघा, त्यावरून दिवा सापडतो. मग परत रंगीत करून सावल्या बघा. मोरिझोची सावली जांभळी-राखाडी आहे, मानेचा काळा मात्र खरोखरचा काळा. त्या कोटाकडे बघा म्हणजे कळेल.

हात, कोपर, हुक

हा माझा लाडका भाग, पण इथे शिकवण्यासारखं फार नाही, करून बघायचं आहे. उठा, आणि चित्रातल्या बाईचे हात जसे आहेत तसे स्वतःचे करा. केस सावरताना कोपर वर गेलं की पाठीवरचं कापड ताणतं आणि मान आपोआप वाकते, मोरिझोने ते बरोबर पकडलंय. शा-यू-काओसारखं छातीजवळचं काहीतरी बांधायला जा, हनुवटी गळ्यात रुतते आणि चेहरा अजिबात छान दिसत नाही. लोत्रेकने तो छान केलेला नाही. ज्या चित्रात बाई हुक लावताना पण सुंदर हसतेय ते चित्र कपडे बदलताना कधी न बघितलेल्या माणसाचं आहे असं खुशाल समजा.

जवळ जा, मग लांब

झूम करा. देगाच्या पेस्टलचे फराटे दिसतील. पेस्टल म्हणजे जवळजवळ नुसता रंगाचा खडू, वाळायची वाट बघायला नको, थरावर थर देता येतो. लेत्वालमध्ये त्या खडूच्या खाली आधी छापलेला काळपट ठसा आहे, धातूच्या पत्र्यावर शाईने काढून कागदावर उमटवलेला. लोत्रेक ऑइल पातळ करून पुठ्ठ्यावर काम करायचा, शा-यू-काओ पण पुठ्ठ्यावरचंच. नंतर खुर्ची मागे सरकवून, डोळे बारीक करून, परत पूर्ण चित्र. एवढंच, यात फार अडकू नका, नवीन लोक ब्रशच्या फटकाऱ्यांवरच अर्धा तास घालवतात आणि खोलीत कोण बसलंय ते बघायचं राहतं.

शेवटी कागदावर वरून बघितल्यासारखा खोलीचा नकाशा काढा. आरसा, बाई, दार, सोफा, कोट, आणि एक फुली, जिथे तुम्ही उभे आहात. चित्र येत नाही म्हणू नका, रेशनकार्डावरचा पत्ता लिहिता येतो ना, तेवढं पुरे.

अजून एक, लोक हमखास विचारतात म्हणून. "आपल्याकडे त्या काळात असं चित्र का नाही?" इतर कारणं बाजूला ठेवली तरी ती बाईच नव्हती हो खोलीत. किर्लोस्कर मंडळी १८८० ची, म्हणजे देगाच्या त्या उभट चित्राच्या पुढच्याच वर्षीची, आणि तिथे आरशासमोर बसून पदर नीट करायचे ते भाऊराव कोल्हटकरांसारखे पुरुष. त्या रंगपटात दारात कोण उभं राहायचं आणि काय बघायचं, तो वेगळाच विषय आहे, त्यावर कधीतरी.

सुरुवात मोरिझोपासून करा, शिकागोच्या म्युझियमच्या साइटवर मोठी फाईल फुकट मिळते. मग लेत्वाल, मग शा-यू-काओ. नाना शेवटी, आणि नकाशात फुली मारायच्या आधी तिचे डोळे बघून घ्या, बाकीच्या तिघी कामात आहेत, ही एकटी मान वळवून सरळ फुलीकडे बघतेय.